शिडीचं यंत्र

आमच्या घरात सीडीला शिडी म्हणतात. आई म्हणते, भाऊ म्हणतो, मीही म्हणते. शहापूरच्या दुकानात मी "शिडी चालवायचं यंत्र हवंय, छोट्या लॅपटॉपला जोडता येईल असं" म्हटलं, तेव्हा काउंटरवरचा माणूस गालातल्या गालात हसला. "शिडी हार्डवेअरवाल्याकडं भेटंल, ताई." मागची दोघं-तिघंही हसली. मी पिशवीतून शिडी काढून त्याच्या काचेवर ठेवली. म्हटलं, "आम्ही हिलाच शिडी म्हणतो. यंत्र असेल तर दाखवा, नसेल तर सांगा."

ती शिडी माझ्या लग्नाच्या शूटिंगची होती. लग्न दोन वर्षं टिकलं. नवऱ्याचा हात उठायचा, म्हणून मी एक पेटी घेऊन माहेरी परत आले आणि त्या पेटीत कपड्यांच्या तळाशी ही शिडी आली. अठरा वर्षांत ती कुणी लावली नव्हती. टाकून दे, असं मात्र सगळ्यांचं सांगून झालं होतं.

मी टाकली नाही ती आईमुळे. माझी आई धवलारीण. आमच्याकडे लग्नात धवला गाऊन सगळ्या देवांना मांडवात बोलवायचं काम धवलारणीचं. गावदेवीपासून सुरुवात करून एकेक देव नाव घेऊन बोलवायचा, क्रम चुकायचा नाही, कुणी सुटायचा नाही. आईने पंचक्रोशीतली कितीतरी लग्नं लावली. माझ्याही लग्नात तीच गायली. मी परत आले त्या दिवसापासून तिने गाणं सोडलं. "रडता रडता माझा एक देव बोलवायचा रायला," एवढंच ती म्हणायची. माझा संसार मोडला तो त्या राहिलेल्या देवामुळे, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मला याची भयंकर चीड यायची. मारणारा नामानिराळा आणि दोष माझ्या आईच्या गळ्यात! हा कुठला न्याय?

यंदा भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. भाची हट्टाला पेटली की आजीनेच धवला गायचा. आई नाही म्हणाली. भाऊ म्हणाला, "मोबाइलवर भेटतात धवले, लावू स्पीकरवर." मी त्याला म्हटलं, "देवांना स्पीकरवरून आमंत्रण देतोस, उद्या पाहुण्यांनाही तसंच दे." तो चिडून उठून गेला. मी ठरवलं, आईला तिचा धवला ऐकवायचा. देव सुटला की नाही, एकदाचं कळू दे.

माझा लॅपटॉप अगदी लहान. गावातल्या बायकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला घेतलेला. त्याला शिडीची खाचच नाही. शहापूरच्या माणसाने शेवटी एक पातळ, चकचकीत यंत्र काढलं. मी म्हटलं, इथेच लावून दाखवा. जोडलं, दिवा लुकलुकला, आतून कुरकुर आवाज आला आणि सगळं गप्पगार. "शिडी खराब झालीय," तो म्हणाला. "ठेवून जा, कल्याणला पाठवतो, पेन ड्राइव्हमध्ये भरून देतील." मी शिडी उचलली. माझं लग्न कसं का असेना, कल्याणच्या अनोळखी माणसाकडे मी ते ठेवणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी एसटीने मुरबाड गाठलं. तिथल्या माझ्याच वयाच्या दुकानदाराने आधी लॅपटॉप हातात घेऊन बघितला. "शिडी चांगली असंल. तुमच्या लॅपटॉपला दम कमी हाय," तो म्हणाला. त्याने खालच्या खोक्यातून एक जाडजूड काळं यंत्र काढलं. त्याच्या वायरीला दोन तोंडं होती. दोन्ही लॅपटॉपमध्ये खुपसली, म्हणजे दोन्हीकडून वीज मिळते. दिसायला ओबडधोबड, पण फिरायला लागलं. पडद्यावर गणपती आला, मग गुलाबाच्या चौकटीत माझं नाव आणि नवऱ्याचं. दुकानातली माणसं वाकून बघायला लागली.

"कुणाचं लगीन?" एकाने विचारलं.

"माझं. मोडलं ते," मी म्हटलं. अठरा वर्षांत हे वाक्य इतक्या मोठ्याने मी पहिल्यांदा बोलले. दुकानदाराने यंत्र खोक्यात घालून वायर नीट गुंडाळून दिली.

घरी आल्यावर ओटीवर आईला बसवलं. भाची तिला टेकून बसली. शिडी लावली, मांडव आला, मांडवात आई आली. काळे केस, कपाळभर कुंकू, मागे साथीच्या बायका. तिने तोंड उघडलं आणि सिनेमातलं गाणं सुरू झालं. शूटिंगवाल्याने पूर्ण धवल्यावर ते गाणं चढवलं होतं. आई तोंड हलवतेय आणि भलताच कुणी गातोय! मला रडू फुटलं. एवढी धडपड करून हाती हे.

आई मात्र संतापली. "ह्यो माझा धवला नाय! कोनी घातला ह्यो नाच यात? बंद कर त्याचा आवाज."

मी आवाज बंद केला. आई पडद्याजवळ सरकली. स्वतःच्या ओठांकडे बघत तीही ओठ हलवायला लागली, आधी नुसतेच, मग पुटपुटत, मग आवाज लागला. घोगरा, चिरका, पण तिचाच. पडद्यावरची आई आणि ही आई एकेक देव बोलवत पुढे निघाल्या. मग पडद्यावर तिला रडू आलं आणि तिने पदर तोंडावर धरला. पदर खाली आला तेव्हा ती पुढच्या देवावर पोचली होती.

"परत लाव," आई म्हणाली. मी परत लावलं. तीनदा लावलं. पदराआड ओठ हलले की नाही, काही दिसेना.

"आई, सुटला असेल तर सुटू दे," मी म्हटलं. "मला त्याने मारलं. देवाने नाही."

आईने डोळे पुसले आणि पदर कमरेला खोचला. मी चौथ्यांदा लावलं. पडद्यावरच्या बाईने पदर तोंडाला लावला, आणि त्या रिकाम्या जागेत माझ्या आईने राहिलेल्या देवाचं नाव घेतलं, शेजारच्या आळीत ऐकू जाईल असं.

"शिडी काढ आता," ती भाचीला म्हणाली. "तुझी हलद कवा हाय गो?"