न्हाई, पूल हाय!

लोणंदचा निवृत्त हवालदार सयाजी पेरूतल्या कुस्कोला स्पॅनिश शिकायला आणि डोंगर तुडवायला गेला. शिकवणीत एकच शब्द त्याच्या तोंडात चटकन बसला. ‘आय’ म्हणजे आपलं गावाकडचं ‘हाय’!

रविवारी तो एकटाच चढला. भर दुपारी धुकं उतरलं. खाली नदी गरजत होती. मेंढरं वळणाऱ्या म्हातारीला त्यानं मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, “रस्ता बंद?”

ती ओरडली, “नो आय पुएन्ते!”

पुएन्ते म्हणजे पूल. “न्हाई, पूल हाय! मग भितो कोण गड्या?” म्हणत तो धुक्यात घुसला.

म्हातारीनं धावत येऊन मागून त्याची सॅक खेचली. बुटाखालचा दगड निसटला आणि पाण्यात पडल्याचा आवाज लय उशिरा आला.

पूल नव्हताच. आपलं ‘न्हाई’ शेवटी येतं. तिचं आधीच येऊन गेलं होतं.