झुडपामागं ओतलेली राख

भूगर्भशास्त्राच्या बाईंबरोबर डोंगरोडोंगरी दगडांच्या पिशव्या वाहण्यात काकांची वीस वर्षं गेली होती. त्या दिवशी मात्र उतारावर गुडघ्यांनी जीव नकोसा केला. पाठीवरच्या पिशवीत नुसती राखाडी, भुसभुशीत माती दिसली. ‘माती काय, कुठंही मिळेल,’ असं म्हणत त्यांनी निम्मी झुडपामागं ओतून दिली.

तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"काका, ती ज्वालामुखीची राख होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी सगळी पृथ्वी गोठली होती, तेव्हाच्या बर्फानं आणलेल्या गाळावर ती पडली. राखेतल्या बारीक स्फटिकांवरून तो काळ ठरवता आला असता. पण पुरेसे स्फटिकच निघाले नाहीत. पिशवी तर मी गच्च भरली होती!"

"वाटेत सांडली असेल," काका पुटपुटले.

पुढच्या वर्षी बाई परत गेल्या, तर दरड कोसळून तो थर गाडला गेला होता. हे ऐकल्यावर काकांनी घरी बायकोला सारं सांगितलं. ती म्हणाली, "बाईंनाही सांगून टाका एकदाचं."

त्यांनी सांगितलं.

"गुडघे दुखत होते तर बोलायचं ना, काका. मी घेतली असती पिशवी."

चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

बाईंचा लेख छापून आला. त्यात त्या बर्फाच्या काळापुढे ‘अनिश्चित’ असं लिहिलं होतं. शेवटी मदतनिसांचे आभार मानले होते, आणि त्यात पहिलं नाव काकांचं होतं.