आईचा चेहरा

तेओफिलाचा उजवा हात थरथरायला लागून दोन वर्षं झाली. आधी कपातली कॉफी सांडायची, मग सुईत दोरा जाईना, शेवटी कुंचलाही ऐकेना. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. जिचं आयुष्य चित्रं काढण्यात गेलं तिला असं सांगतात, काय बोलायचं!

मेक्सिकोच्या डोंगरातली ही नाहुआ जमातीची बाई. तिच्या गावात झाडाच्या सालीच्या तपकिरी कागदावर अख्खं गाव रंगवतात, लग्नं, मक्याची कणसं, पाखरं, सगळं. आधी वेलबुट्टीची कड, मग झाडं-जनावरं, मग माणसं, आणि चेहरे अगदी शेवटी. "चेहरा झाला की चित्र आपल्याकडे बघायला लागतं," बाप म्हणायचा, "मग हात घाबरतो." बापाचा हा नियम तिने कधी मोडला नाही.

आता अमेरिकेत, टेक्सासात फ्रिस्कोला ती दीपाकडे साफसफाईला जायची. दीपा साताऱ्याची, जीव लावणारी. तिला 'तेओताई' म्हणायची. तेओफिलाच्या खोलीचं छत गळायचं, म्हणून दीपानेच आपल्या घरी वरच्या खोलीत टेबल मांडून दिलं. काम आटोपलं की तेओफिला तिथे रंगवत बसायची. गावाहून आणलेला शेवटचा कागद होता आणि त्यावर अख्खं गाव, मधोमध चुलीपाशी बसलेली आई. आई गेल्या वर्षी वारली. तेओफिलाला जाता आलं नाही. अमेरिकेत राहायची कागदपत्रं नव्हती, गेली असती तर परत येणं नव्हतं. आईचा फोटोही नाही, कॅमेरा दिसला की म्हातारी शालीत तोंड लपवायची. तो चेहरा आता फक्त तेओफिलाच्या डोक्यात उरला होता.

चित्रातले बाकी सगळे चेहरे झाले होते. आईच्या चेहऱ्यासाठी ती हात शांत असेल अशा दिवसाची वाट बघत थांबली होती.

आणि एका शनिवारी सकाळी काय नवल, हात शांत! कप भरून धरला तरी थेंब सांडला नाही. ती तशीच लगबगीने दीपाकडे गेली.

दारातच दीपा आणि तिची लेक आन्या हसत उभ्या. आन्या शाळेत स्पॅनिश शिकलेली, या दोघींची दुभाषी तीच. दीपाने चित्र पुढे धरलं. चकचकीत.

"सरप्राइज! लॅमिनेट करून आणलं, तेओताई. आता शंभर वर्षं काही होत नाही बघ!"

आपली माणसं ना! मार्कशीट असो की देवाचा फोटो, जपायचं म्हटलं की घाल प्लास्टिकात. कोरा चेहरा बघून दीपाला वाटलं, तशीच स्टाइल असेल. अगं बाई, एकदा विचारायचं तरी!

तेओफिलाने कोपरा सोलून पाहिला. प्लास्टिकबरोबर कणसं उचकटून आली.

"मॉम, शी वॉजन्ट डन," आन्या हळूच म्हणाली. दीपा सुटलेला कोपरा पुन्हा दाबून बसवायला लागली.

तेओफिलाने चित्र तिच्या हातून घेतलं. वर गेली, टेबलाशी बसली आणि त्या प्लास्टिकवरच कुंचला टेकवला. डोळे, नाक, मिटलेले ओठ. आई आली, हुबेहूब आली. तिने आपल्या नाहुआ बोलीत आईला हाक मारली. पण रंग प्लास्टिकवर धरेना. त्याचे थेंब झाले आणि डोळे ओघळून ओठांवर आले.

आन्याने धावत जाऊन आपली ड्रॉइंगची वही आणली, कोरं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तेओफिलाने पुन्हा कुंचला उचलला. तोवर हात थरथरायला लागला होता.