गोडाच्या गाठी

दिघोरीचा तुलाराम पाण्यात असला की सुखी, आणि पाण्याबाहेर असला की चहावर. एका कपाला चार चमचे साखर, असे दिवसाचे सहा कप, वर दोन वेळचा ताट भरून भात. धानाच्या मुलखात भात कमी खाणाऱ्यालाच लोक आजारी समजतात. त्यामुळे साठी उलटली तरी तुलारामला कोणी आजारी म्हटले नव्हते.

मग भादव्यात बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, जाळे ओढताना शिंपल्याने त्याचा तळपाय कापला. एवढ्याशा जखमेकडे मासे धरणारा ढीवर माणूस बघतही नाही. पण दिवाळी तोंडावर आली तरी ती भरेना, तेव्हा बायको सखाबाईने त्याला बसमध्ये बसवून लाखांदूरला नेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, गोळ्या दिल्या आणि पथ्य सांगितले. साखर, गूळ, भात, पोळी, बटाटा बंद. मासे, अंडी, पालेभाजी, ताक खुशाल खा. आणि साखर खाली येऊन जखम भरेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही.

भाताचे त्याने सोसले असते, पाण्याचे कसे सोसणार? उन्हाळ्यात बोडी उतरली की सगळे ढीवर मिळून मासे धरत, आणि त्या दिवशी पहिले जाळे गावातल्या जाणत्याने फेकायचे अशी रीत होती. बावीस वर्षे तो मान तुलारामचा होता. त्याच्यानंतर नंबर धाकट्या भावाचा, देवाजीचा. दवाखान्याची बातमी कळताच देवाजी दादाच्या तब्येतीची विचारपूस करायला आला, त्यात काळजी थोडी आणि हौस जास्त होती. तुलाराम इरेला पेटला तो तिथेच.

भात त्याने एका दिवसात सोडला. पण दुपारचे चार वाजले की गोडाची तल्लफ अशी यायची की त्याला बसवेना. सखाबाईने साखरेचा डबा शेजारी नेऊन ठेवला, तर हा पठ्ठ्या रोज चारला शेजाऱ्यांची खुशाली विचारायला जाऊ लागला. तिला त्याची दया आली. तिने डोके लढवले आणि बोडीतले ताजे शिंगाडे उकडून त्याच्यापुढे ठेवले.

“एकादशीले चालते, त्याले काय होते जी?” ती म्हणाली.

तुलारामलाही ते सोळा आणे पटले. उपवासाला चालते ते अन्न नव्हे, आणि अन्न नव्हे त्यात साखर कुठून येणार? दोघांनी मिळून पथ्य असे कडक पाळले की दोन महिन्यांत शिंगाड्याच्या टोपल्याच्या टोपल्या संपल्या.

जानेवारीतल्या तपासणीत साखर खाली यायची ती वरच चढली होती. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. दुपारी काय खाता म्हणून विचारल्यावर तुलारामने मोठ्या अभिमानाने शिंगाड्यांचे नाव सांगितले. बाईंना हसू आवरेना. हसून झाल्यावर त्यांनी नीट समजावले, की शिंगाडा उपवासाचा असला तरी त्याच्या पोटात भातासारखेच पीठ आहे.

परतीच्या बसमध्ये सखाबाई रडू लागली. आपल्याच हाताने आपण नवऱ्याला खाऊ घातले, हे तिच्या मनाला फार लागले. चाळीस वर्षांत बायकोची समजूत काढायची वेळ तुलारामवर आली नव्हती, त्यामुळे त्याला ते जमेना. शेवटी तो म्हणाला की शिंगाडे लई झ्याक होते, आणि ती रडता रडता हसली.

घरी आल्यावर तिने फळीवरचा नायलॉनचा दोरा आणि जाळे विणायची लाकडी सुई काढून त्याच्या मांडीवर ठेवली. “गोड आठवलं का दहा गाठी मारा,” ती म्हणाली. “मंग बी आठवलं त आणखी दहा.”

पहिल्या दिवशी त्याने तीनशे गाठी मारल्या आणि सखाबाईला नाही नाही ते बोलला. तिने ताकाचा गिलास आणि मूठभर शेंगदाणे पुढे केले. आठवडाभराने गाठी दोनशेवर आल्या. दोरा गुंडाळलेली सुई आता खिशातच असायची. फाल्गुनात देवाजीच्या मुलीचे, नंदिनीचे, लग्न झाले, तेव्हा हा पंगतीतही सुई घेऊन बसला. देवाजी स्वतः बुंदीची बादली घेऊन समोर उभा राहिला आणि पुतणीच्या लग्नात तरी तोंड गोड कर म्हणून हटून बसला. बुंदी गरम होती. तुलारामच्या तोंडाला खरोखर पाणी सुटले. त्याने पत्रावळ झाकली, सुई काढली आणि पंगत उठेपर्यंत खाली मान घालून गाठी मारल्या. वऱ्हाडी मंडळींना वाटले, हा इकडचा काही विधी असावा.

एप्रिलमध्ये साखर उतरली. जखम भरली होती. डॉक्टरीणबाईंनी पाण्याची परवानगी दिली, पण रबरी बूट घालून. मासे धरायच्या दिवशी तुलाराम जन्मात पहिल्यांदा बूट घालून बोडीत उतरला, आणि काठावरचा सारा गाव खदखदून हसला. तोही हसला. मग त्याने खांद्यावरचे, त्याच गाठींचे नवे जाळे फेकले. ते पाण्यावर गोल उघडले, तेव्हा सखाबाईला इतका आनंद झाला की ती शेजारणीचा हात धरून नाचायची बाकी राहिली.

जाळे जड लागले. ओढायला देवाजी पुढे आला. आत मोठा रोहू उसळ्या मारत होता, पण एकही गाठ सुटली नाही. देवाजी त्या गाठींवरून बोट फिरवत राहिला. मग कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, “दादा, मले बी साखर निंगाली. परवाच कळलं.”

तुलारामने त्याच्याकडे पाहिले. काय काय ऐकवता आले असते! पण आज त्याचे मन भरून आले होते. त्याने खिशातली लाकडी सुई काढून भावाच्या ओल्या हातात ठेवली.

“पुढच्या साली पहिलं जाळं तू फेकजो,” तो म्हणाला. “पण हे नाही. तुह्या हातानं विणून आणजो.”