अंदमानला जायचा बरोबर महिना

समुद्राबद्दल माझ्या साडूंइतकं जाणणारा आणि समुद्र एकदाही न पाहिलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. युसूफ वडगावच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघत असतं आणि हे त्याला अंदमानचं वारं कुठल्या महिन्यात कुठून कुठे फिरतं ते समजावत असतात. त्या बिचाऱ्याला फक्त पातेल्याचा भाव हवा असतो. "सांगतो की, पातेलं काय पळून चाललंय का?" असं म्हणून साडूभाऊ पुन्हा भरती-ओहोटीकडे वळतात.

माणसाला मासे धरायचा नाद असावा, याला माझी हरकत नाही. पण आम्ही लिंगायत. साडूभाऊंनी जन्मात मासा खाल्लेला नाही. बाजाराच्या दिवशी मासळीवाल्यांच्या बाजूनं जायची वेळ आली तर नाकाला रुमाल लावून जातात. तरी दर मंगळवारी दुकान बंद ठेवून हे मांजरा धरणाच्या काठाला गळ टाकून बसणार. मासा लागला की हात ओले करून त्याला हळूच धरणार, गळ काढणार, "जा बाबा, संबाळून ऱ्हा" म्हणणार आणि परत पाण्यात सोडणार. तिथं म्हशी धुणाऱ्या एकानं हे बरेच दिवस बघितलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "धरतुस अन् सोडतुस, मंग धरतुस कावून बे?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "तू म्हैस रोज धुतुस, ती रोज चिखलात बसती. मी तुला इचारलं का कदी?" आमिषाला कणकेचे गोळे लागतात. ती कणीक हिंग घालून हे स्वतः मळतात. आमच्या अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, एकदा म्हणाल्या, "पोरं ल्हान व्हती तवा ह्या माणसानं कदी परातीला हात लावला न्हाई."

तर अशा या गृहस्थांची आयुष्यात एकच इच्छा आहे: अंदमानला जाऊन, मोठ्या समुद्रात होडीतून गळ टाकून, माणसाच्या मांडीएवढा एक मासा धरायचा आणि सोडून द्यायचा. त्या माशाला ते 'जीटी' म्हणतात. मराठीत काय म्हणतात ते त्यांनाही माहीत नाही. यासाठी बरोबर महिना कोणता, याचा त्यांचा अभ्यास गेली आठ वर्षं चालू आहे, आणि त्या अभ्यासाचा मी बळी आहे. कारण सोबतीला मी ठरलेलो. पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला, म्हणून ते महिने बाद. ऑक्टोबरात जावं तर धनत्रयोदशी तोंडावर, आणि भांडीवाल्यानं धनत्रयोदशीला दुकान सोडणं म्हणजे पुजाऱ्यानं शिवरात्रीला देऊळ सोडण्यासारखं. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. रुखवताची भांडी कोण देणार? फेब्रुवारी उत्तम, पण नेमकी महाशिवरात्र. मार्चपासून पुन्हा लग्नसराई. उरला जानेवारी. त्यातही पौर्णिमेच्या आसपास मासा गळाला तोंड लावत नाही असं त्यांचं मत, आणि अमावास्येला घराबाहेर पडायचं नाही असं अक्कांचं मत. दोन्ही मतं सांभाळून जे चार-पाच दिवस शिल्लक राहत, त्यात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन असे. तीन वेळा मी रजेचा अर्ज दिला आणि तीन वेळा परत घेतला. तिसऱ्यांदा मुख्याध्यापक म्हणाले, "सर, पूर्वी अंदमानला पाठवायला सरकारला एक हुकूम पुरायचा."

अंदमानचा एक होडीवाला साडूभाऊंनी इंटरनेटवरून शोधून काढला होता. महिन्याला एक फोन ठरलेला. आठ वर्षांत त्या माणसाच्या दोन मुली उजवल्या. दोघींना साडूभाऊंनी इथून पितळी समया पार्सलनं पाठवल्या, पण स्वतः काही गेले नाहीत. "सेठ, आप आओ तो सही," तो दरवेळी म्हणायचा. "आते ना भाई, बराबर महिना मिलने दो," हे दरवेळी म्हणायचे. ते संभाषण ऐकताना मला फोन हिसकावून धरणात फेकावासा वाटे.

मग गेल्या वर्षी एका मंगळवारी मी धरणावर त्यांच्या शेजारी बसलो होतो. ते गळाला दोरा बांधत होते. एकदा सुटला, दोनदा सुटला. चौथ्यांदा त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चष्मा बदलाया पायजे." चष्म्याचा काही संबंध नव्हता. त्यांचा उजवा हात थरथरत होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हा कंप हळूहळू वाढत जाणार. किती हळू, ते काही सांगता येत नाही.

मला वाटलं, आता तरी हा माणूस उठेल. कसचं काय! ते पुन्हा जानेवारीच्या तिथ्या मोजायला लागले. माझा तोल गेला. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी ओरडलो, "अहो, हात निकामी होत चाललाय तुमचा, आणि तुम्ही महिने कसले बघताय?"

साडूभाऊ पातेलं पुसत होते, ते पुसतच राहिले. मग म्हणाले, "सर, आपुन काय पुना पुना जाणार हाव का? येकदाच जायाचं. मंग येकदाच जायाचं तर चुकीच्या महिन्यात कावून जायाचं?"

मी तिथून तडक निघालो. घरी आलो आणि रागाच्या भरात, कुणाला न विचारता, दोन तिकिटं काढून टाकली. माझ्या उन्हाळी सुट्टीत जमणार होतं म्हणून मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आठ वर्षं याच माणसाकडून वाऱ्यांचे धडे ऐकूनही मला हे सुचलं नाही, की तोवर तिकडे पाऊस दाखल होतो. त्यांना ते तिकीट बघताक्षणी कळलं असणार. पण ते "बरं" एवढंच म्हणाले आणि कणकेचे गोळे भरायला डबा शोधू लागले.

आम्ही पोचलो त्या दिवसापासून वादळी वारा. होड्यांना समुद्र बंद. पाच दिवस आम्ही खोलीत बसून पुरी-भाजी खाल्ली. मला तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि साडूभाऊ खिडकीशी खुर्ची ओढून समुद्राकडे बघत बसलेले. सहाव्या दिवशी पाऊस जरा थांबला तसा होडीवाला आम्हाला धक्क्यावर घेऊन गेला. त्यानं गळ बांधून दिला. साडूभाऊंनी फेकला, वाऱ्यानं तो पायाशी आणून टाकला. दुसऱ्यांदा हात इतका हलला की मी मागून त्यांचं मनगट धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून फेकला. बऱ्याच वेळानं एक वीतभर मासा लागला. मांडीएवढा सोडा, मनगटाएवढाही नव्हता. त्यांनी तो धरला, त्याच्याशी काहीतरी बोलले (वाऱ्यात मला ऐकू आलं नाही) आणि सोडून दिला. मी गुपचूप रडून घेतलं. पाऊस पुन्हा सुरू झाला होता, त्यामुळे खपून गेलं.

परतताना हैदराबादहून परळीच्या गाडीत बसलो, तेव्हा मी एकदाचा बोललो, "साडूभाऊ, चुकलं माझं. तुमची एकुलती एक खेप मी वाया घालवली."

"वाया कशी?" ते म्हणाले. "पेन द्या."

तिकिटाच्या पाठीमागे त्यांनी जानेवारीपासून बारा महिन्यांची नावं एकाखाली एक लिहून काढली. अक्षरं इतकी हलली होती की सप्टेंबर मला ओळखता आला नाही. मग म्हणाले, "मे न्हाई, येवढं आता पक्कं झालं. ऱ्हायले अकरा. वरसाला येक बगू." मी मनात त्यांच्या वयात अकरा मिळवले आणि माझ्याही वयात मिळवले. त्यांनी मे महिन्यावर काट मारायला पेन टेकवलं. हात थरथरला, रेघ घसरली आणि खालच्या जूनवरूनही गेली.

साडूभाऊंनी पेन मला परत दिलं.

"जून बी गेला," ते म्हणाले. "बरं झालं, येक वरीस वाचलं."