वांगी रंगाचे बोये

दगडी बांध संपून वाळू लागली तेव्हा वन्सं थांबल्या आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, तुमची चप्पल मासळीसारखी आ वासून चाललीये. दादाला म्हणावं, बायकोच्या पायात तरी धड काही घाल."

"तुमच्या दादाला सांगून माझी एक तरी गोष्ट झालीये का?" मी म्हटलं. चप्पल हातात घेतली आणि पुन्हा चालू लागले. वाळूचं टोक अजून बरंच लांब होतं.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत जात होत्या, पण रमायच्या त्या बंदरावरच्या रंगाच्या शेडमध्ये. पुढं तिथंच कामाला लागल्या. जाळं पाण्यावर धरून ठेवणारे पोकळ गोळे असतात ना, त्यांना आम्ही बोये म्हणतो. ते रंगवायचं काम. प्रत्येक होडीचा रंग वेगळा, म्हणजे वाहून आलेला बोया कुणाचा ते लगेच कळतं आणि ज्याचा त्याला पोचतो. सासूबाई वन्संचे हात बघूनच सांगायच्या, आज कुठल्या होडीचं काम होतं ते.

नवराही त्यांना शेडमध्येच भेटला. त्यानं होडी घेतली तोवर चांगले रंग सगळे वाटले गेले होते. वन्संनी उरलासुरला लाल आणि निळा मिसळून जांभळा केला. "समुद्रात वांगी सोडलीत का हो?" म्हणून सारं बंदर हसलं. तो म्हणाला, "हसा खुशाल. लांबून दिसतात की नाही?"

गेल्या वर्षीच्या वादळात तो होडीसकट गेला. बोये तेवढे मागं राहिले.

शेडचा एक नियम आहे. बुडालेल्या होडीचा रंग, घरचे "द्या" म्हणाल्याशिवाय दुसऱ्या होडीला द्यायचा नाही. आणि आता एका नव्या होडीवाल्याला नेमका जांभळाच हवा होता, लांबून दिसतो म्हणून. शेडचे मालक चांगले माणूस. दर वेळी चाचरतच विचारायचे. वन्संचं उत्तर ठरलेलं, "आधी ते हाती लागू देत, मग देते."

म्हणून हे चालणं. घरचे वन्संना एकटं जाऊ देत नव्हते, म्हणून बरोबर मी.

आमचा समुद्र म्हणजे एका दाराचं घर. चहूकडून जमीन आणि एका टोकाला अरुंद तोंड. तिथून महासागराचं पाणी आत येतं, किनारा धरून पुढं जातं, पलीकडून वळतं आणि फिरून इकडं येतं. सुटलेला बोया म्हणूनच आज ना उद्या या वाळूच्या टोकाला लागतो. जांभळेही इथंच लागले. काही लगेच, काही सगळा समुद्र फिरून महिन्यांनी. "बोये आले, म्हणजे तेही येतील," वन्सं म्हणायच्या. मला पटलं होतं. बंदरावरही कुणी वेड्यात काढलं नाही, कारण आम्ही सगळेच समुद्र ओळखतो तो बोयांवरून.

त्या दिवशी टोकाला पाणीमास्तर होते. पाण्याचे प्रवाह मोजायची नोकरी, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणतात. होडीत बसून यंत्र पुसत होते.

"मास्तर," वन्संनी विचारलं, "एवढे बोये येतात, मग माणूस का येत नाही?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागले.

"बोला हो. मी काही पाण्यात उडी मारणार नाही."

मास्तरांनी एका तळहातावर दुसरा ठेवला. वरचा पुढं सरकवला, खालचा मागं. "ताई, बोया फक्त वरच्या पाण्याचं सांगतो. आत आलेलं पाणी उन्हानं आटतं, जास्त खारट होतं, थंडीत जड होऊन खाली बसतं. ते खालचं पाणी उलटं चालतं, दाराकडं. थोडं थोडं बाहेर पडतं. बाकीचं खोलात तिथंच घुटमळत राहतं, वर्षानुवर्षं."

"आणि त्यात जे असेल ते?"

"ते या किनाऱ्याला येत नाही."

"म्हणजे मी उलट्या बाजूला चालत होते?"

"चालून पोचता येईल अशी बाजूच नाही, ताई," मास्तर बोलून गेले आणि मग उगाचच यंत्र पुन्हा पुसायला लागले.

मी मनात देवाचं नाव घेतलं. तेवढंच सुचलं. नाव घेतल्यावर पुढं काय मागायचं, ते सुचेना. परत आण म्हणावं तर कुठून, आणि सोडव म्हणावं तर कुणाला?

वन्संनी पायाशी पडलेला एक हिरवा बोया उचलला, पदरानं पुसला आणि काखेत धरला. "शेजारच्यांचा आहे. हरवला म्हणून ओरडत असतील घरात," म्हणाल्या. मग आम्ही दोघी माघारी वळलो.

बांधापाशी आल्यावर त्या खाली बसल्या.

"वहिनी, उद्या शेडमध्ये तुम्ही जाल? मालकांना सांगा, जांभळा देऊन टाका म्हणून. मी गेले तर माझ्या तोंडून 'नाही'च निघेल."

"जाईन."

"आणि लाल किती, निळा किती ते मी तुम्हाला सांगते. तुम्ही त्यांना सांगा. तो रंग कालवायला मला तेवढं बसवू नका म्हणावं."