कबिनीच्या काठी श्राद्धाचं पान

आमचे हे रिटायर झाल्यापासून पक्षी बघतात. म्हैसूरला नजरबादच्या सरकारी कचेरीत उभा जन्म कागद बघितले, आता झाडं बघतात. मला त्यात रस नाही. पक्षी उडतो, बसतो, हगतो. त्यात बघायचं काय? पण मुलाने एच. डी. कोटेच्या पुढे, कबिनीच्या पाण्याजवळ होमस्टे ठरवून दिला आणि स्वयंपाक तिथली मालकीणबाई करते म्हणाला, तेव्हा मी लगेच बॅग भरली. आयतं ताट पुढ्यात येणं मला बाळंतपणापुरतंच माहीत.

पहिला दिवस चांगला गेला. हे गळ्यात दुर्बीण अडकवून पाण्याकाठी उभे आणि मी खुर्ची टाकून सावलीत.

"ते बघ, पट्टकादंब. हिमालयापलीकडून आलेत."

"बदकं आहेत."

"अगं, बदकं नाहीत, हंसाच्या जातीतले आहेत."

"बरं, हंस." मला अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, उसळीचा वास येत होता. त्या दाण्यांची साल कोणी तरी दुसऱ्यानेच काढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी साखर उतरवायची गोळी घेतली आणि आम्ही इडलीची वाट बघत बसलो. तेवढ्यात म्हैसूरहून आमच्या भटजींचा फोन आला. आज तुमच्या आईचं श्राद्ध, तुम्ही आहात कुठे, घराला कुलूप कसं?

यांचा चेहरा उतरला. कॅलेंडर यांनीच बघितलं होतं. चौकटीत छापतात ती सूर्योदयाची तिथी, आणि श्राद्ध धरतात दुपारच्या तिथीला. तिथी आज दुपारी लागत होती आणि छापली होती उद्याच्या चौकटीत. उद्या सकाळी घरी पोचू, मग श्राद्ध करू, असा यांचा हिशेब. गाडीही उद्याच येणार होती. भटजी म्हणाले, जमेल ते तिथेच करा, पान ठेवा, कावळा शिवला की जेवा.

इडली आली, हे ती तशीच ठेवून उठले. "पान शिवल्याशिवाय मी तोंडात काही घालणार नाही."

"गोळी घातलीत की मघाशी."

"ती नकळत."

"पोटातल्या गोळीला ते कसं कळणार?"

ऐकले नाहीत. मग दुसरं काय करणार? मालकीणबाईला विचारून मी तिच्या स्वयंपाकघरात शिरले. अंड्याचा तवा माझी मीच बाजूला केला. भात, वरण, खीर आणि उडदाचे वडे केले. आयत्या ताटाची हौस एका दिवसात फिटली.

यांनी दक्षिणेकडे तोंड करून तीळपाणी सोडलं आणि अंगणाच्या भिंतीवर केळीचं पान ठेवलं. "काव काव" म्हणून हाका मारल्या. एकही कावळा आला नाही. मालकीणबाई बाहेर येऊन म्हणाली, "कागे इल्ला, अम्मा." कावळे नाहीत. पलीकडच्या गावात देवीचा हब्ब, म्हणजे जत्रा होती, तिथे कोंबड्या-बकरी कापतात, म्हणून सगळे तिकडे गेलेले.

सातभाई आले, यांनी हाकलले. साळुंक्या आल्या, त्यांनाही हाकललं. खार आली तेव्हा तर काठीच उचलली. एरवी साळुंकी दिसली तरी मला हाक मारणारा माणूस. ऊन चढलं. यांच्या कपाळावर घाम आला, हाताला कंप सुटला. तो कंप मी ओळखते. मागे एकदा असाच सुटला आणि हे न्हाणीघरात पडले होते.

"गूळ तरी चघळा."

"नाही म्हटलं ना."

"इथे पडलात तर दवाखाना कोटेला आहे. उद्यापर्यंत गाडी नाही."

"आईचं काही तरी राहिलंय गं, म्हणून शिवत नाही." आणि यांनी भिंतीकडे बघून हात जोडले. "आई, यापुढे तुझ्या तिथीला घर सोडणार नाही." थोडं थांबले. पान तसंच. "आई, आम्ही आता कुठेच जाणार नाही."

"माझ्या वतीने बोलू नका," मी म्हणाले. "मी जाणार आहे. तुमची आई रुसलेली नाही, कावळे कोंबडी खायला गेलेत."

तेवढ्यात आंब्यावरून एक पक्षी भिंतीवर उतरला. तांबूस अंग, काळं डोकं, लांब शेपटी. यांनी काठी उचलली. मी यांचा दंड धरला. त्याने मान वाकडी करून पान नीट बघितलं, वडा चोचीत धरला आणि परत आंब्यावर गेला.

"शिवलं," मी म्हणाले.

"तो कावळा नाही. टकाचोर आहे."

"कुळ कुठलं त्याचं?"

यांनी काठी खाली ठेवली. माझ्याशी खोटं बोलतील, पण पक्ष्याच्या बाबतीत नाही बोलणार. "कावळ्याचंच," शेवटी म्हणाले.

"मग झालं. घरचे हब्बाला गेले असले तर भाऊबंद जेवतो."

"पण त्याने वडा नेला. भाताला शिवला नाही."

"तुमच्या आईने तरी वडा समोर असताना भाताला हात लावला होता कधी?"

यावर हे हसले. हसताना तोल गेला, म्हणून तिथेच पायरीवर बसवलं आणि ताट तिथेच आणलं. बोटं थरथरत होती, घास धरवेना, तेव्हा वरणभात मी कालवून भरवला. आधी खीर दिली. एरवी देत नाही. थोड्या वेळाने घाम ओसरला, बोटं स्थिर झाली आणि यांनी ताट माझ्या हातातून घेतलं.

"भाताला मीठ कमी आहे," म्हणाले.

म्हणजे बरं वाटत होतं. मी माझं पान वाढून घेतलं.